रिकामी पोती

कालवड परत येताना दिसली तेव्हा अक्का गोठ्याच्या फाटकात उभीच होती. एका हातात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात खराटा. चुन्याचा पट्टा तिनं दुपारीच ओढला होता, या खांबापासून त्या खांबापर्यंत, हातभर रुंद.

"तिथंच थांब," ती म्हणाली.

धाकटा भाऊ थांबला. त्याच्यामागे कालवडही थांबली. पहिलारू, सातवा महिना, पोटाच्या बाजूला धुळीचा पट्टा. पहाटे न सांगता तो तिला बाजारात घेऊन गेला होता. अक्काला ते कळलं तेव्हा दावं रिकामं होतं आणि वहिनी, त्याची बायको, चुलीपुढे मान खाली घालून बसली होती.

"आधी पाणी तरी दे, अक्का. तिला आणि मला."

"मिळेल पाणी. कपडे काढ."

"इथं? रस्त्यात?"

"मग गोठ्यात जाऊन काढतोस? बाजारातला रोग झटकायला?"

समोरच्या ओट्यावर काकू धान्य निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि नीट मांडी घातली. भावानं सदरा काढला, मग विजार. अक्कानं त्याच्या पायांवर सोड्याचं पाणी ओतलं, टाचा खराट्यानं घासल्या, नखांच्या कडा घासायला लावल्या. चाळीस वर्षांचा माणूस चड्डीवर रस्त्यात उभा होता आणि कालवड त्याच्याकडे बघत होती.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढं घासून न्हायला नव्हतास रे!" काकू ओरडली. पलीकडच्या दोन घरांतून हसणं ऐकू आलं.

"अक्का, ऐकून तरी घे," भाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "मी तिला बाजारात नेलीच नाही. फाटकातूनच बघितलं. गाईंची तोंडं ओल्या फडक्यानं पुसून उभ्या करत होते. लंगडणारीला मुद्दाम चिखलात बांधत होते, खूर दिसू नयेत म्हणून. मी बाहेर रस्त्याला झाडाखाली उभा राहिलो. दलाल तिथं आला, निम्मा भाव बोलला, मी वळलो."

"दलालानं हात लावला?"

"नाही."

"दात बघितले असतील."

"नाही म्हणतोय ना."

"दात न बघता भाव करणारा दलाल अजून जन्माला यायचाय," अक्का म्हणाली आणि उरलेली बादली कालवडीच्या खुरांवर रिकामी केली.

कालवड घरामागे, न्हाणीच्या भिंतीपलीकडे बांधली गेली. तिची बादली वेगळी, तिचं गवत वेगळं, ते घालायचं भावानं. भावानं चौदा दिवस गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. झोपणं बाहेरच्या पडवीत. त्याचं ताट वहिनी पडवीच्या पायरीवर ठेवी आणि ते वेगळं घासलं जाई.

"माणसाला होत नाही ना हो हा रोग, वन्सं?" वहिनीनं एकदा विचारलं.

"होत नाही. पण माणूस वाहून आणतो."

*

अक्का लग्न मोडून परत आली त्याला सोळा वर्षं झाली होती. जमीन भावाच्या नावावर, घर भावाच्या नावावर. गोठा मात्र तिचा. कागदावर नव्हे, पण आळीत कुणाची गाय अडली की लोक तिला बोलवायला येत, भावाला नाही. सहा दुभत्या, दोन वासरं आणि ती कालवड. कुठली गाय कधी माजावर आली, कुठली कधी आटवायची, हे तिच्या डोक्यात असे. तिच्या गोठ्यात कधी रोग शिरला नव्हता, आणि हे ती वर्षातून दोन-चारदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

गेले तीन मंगळवार बाजार उतरत होता. पलीकडच्या गावांत लाळ्या-खुरकत आल्याची बातमी फिरली होती. बातमी आली की लोक चांगली जनावरंही घाईनं विकायला काढतात. गर्दी झाली की भाव पडतो. भाव पडला की ज्याच्या घरी आजारी आहे तोही तोंड पुसून घेऊन येतो, कारण पुढच्या मंगळवारी तेवढेही मिळायचे नाहीत. दलाल मात्र गप्प बसून असतात. बाजार बंद होऊन पुन्हा उघडला की धडधाकट गाईला दुप्पट भाव येणार, हे त्यांना ठाऊक असतं. अक्कालाही ठाऊक होतं. कालवड विकायची नाही, ती विल्यावर बघू, असं तिनं सांगितलं होतं. भावानं ऐकलं नाही, कारण फोनवर रोज कुणीतरी नवा, आणखी पडलेला भाव पाठवत होतं आणि त्याला वाटलं, उद्या काहीच मिळणार नाही. लस मागवली होती; गुरांचा डॉक्टर म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात येईल. तो तीन आठवडे तेच म्हणत होता.

भावाचं काम आता अक्काच्या अंगावर आलं. पहाटे शेण, मग धारा, मग चारा कापणं, पाणी ओढणं, परत शेण. चौथ्या दिवशी तिच्या कमरेत चमक भरली ती राहिलीच. वाकली की दात आवळायची. प्रत्येक कळ ती भावाच्या नावावर जमा करत होती.

दुधाच्या किटल्या ती चुन्याच्या पट्ट्यावर ठेवी, संकलन केंद्राचा माणूस तिथूनच उचली. शेजारणींना आत बंदी. बुधवारी आणि शनिवारी पेंडीचा टेम्पो येई. पोतीवाला मागचं फळकं पाडून भरलेली पोती उतरवी आणि रिकामी घेऊन जाई. अक्कानं त्यालाही सोडलं नाही. शनिवारी तिनं त्याचे पाय बादलीत बुडवायला लावले.

"ताई, दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," पोतीवाला म्हणाला.

"दवाखान्यात जायची वेळ येऊ नये म्हणूनच. दुसरा पाय."

मग तो तीन पोती एकेक करून खांद्यावर घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि भिंतीला लावून गेला.

रिकामं पोतं दुकानात परत जाई आणि त्याचा हिशेब पुढच्या पोत्यात होई. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक घरानं पोत्याच्या कानाला आपापल्या रंगाचा दोरा बांधायचा, अशी पद्धत होती. अक्काचा निळा. नवं पोतं आलं की त्याला आधीच्या घराचा दोरा असे. तो कापायचा आणि आपला बांधायचा. पोतं संपलं की अक्का ते उलटं करून गव्हाणीवर झटकत असे, चारही कोपरे बोटानं टोकरून, मग घडी घालून दाराशी ठेवत असे. पोत्याच्या कोपऱ्यात गाईचा एक घास असतो, असं तिचे वडील म्हणायचे. पेंड महाग होती, आणि तो घास सोडणं तिला जमलं नसतं.

बुधवारी सकाळी तांबडीनं लिटरभर दूध कमी दिलं. उन्हामुळे असेल, असं अक्काला वाटलं. त्या दिवशी तिनं तीन रिकामी पोती परत दिली आणि तीन नवी घेतली.

*

गुरुवारी तांबडी गव्हाणीपाशी गेली नाही. मान लांब करून उभी होती. ओठाखालून लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती, तुटत नव्हती. अक्कानं तिच्या जबड्यात हात घातला. जीभ कढत होती, आणि जिभेवरचं कातडं फुगून सुटलं होतं. बोट लागताच मोठा तुकडा निघून तिच्या हातात आला. ओल्या कागदासारखा.

ती तो तुकडा घेऊन पडवीत गेली. भाऊ चहा पीत होता.

"हे घे," ती म्हणाली आणि हात त्याच्या तोंडापुढे धरला. "हे आणलंस तू बाजारातून."

भाऊ उठून उभा राहिला. कप खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"अक्का, कालवड बरी आहे. तू एकदा येऊन बघ."

"मी काय बघू? सोळा वर्षं काडी इकडची तिकडे होऊ दिली नाही मी या गोठ्यात. आणि तू! दोन पैशांच्या हावेनं जितंजागतं मरण दावं धरून घरी घेऊन आलास!"

ती ओरडत होती. आळी उठली होती. काकू दात घासता घासता फाटकाशी आली, आणखी दोघी आल्या. कुणाला काय झालं ते विचारावं लागलं नाही.

"बघ बाई," काकू म्हणाली, "पुरुषांना बाजाराचा नाद लागला की घर धुऊन निघतं."

भावानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान फिरवली. तो कप घेऊन घरामागे गेला, कालवडीपाशी.

संध्याकाळपर्यंत बांडी आणि मोरीची लाळ सुरू झाली. शुक्रवारी उरलेल्या तिघी. खुरांच्या बेचक्यात फोड फुटले, गाई एकेक पाय उचलून झटकू लागल्या. अक्का तुरटीच्या पाण्यानं तोंडं धुवत होती, खूर धुवत होती, कोवळ्या गवताचा मऊ घास एकेकीच्या गालात कोंबत होती आणि तो तसाच बाहेर पडत होता. बांडीचं वासरू दुपारी उभं होतं, लुचायला गेलं, दोन घोट घेतले आणि बसलं. मग आडवं झालं. तोंडात एक फोड नव्हता. अक्कानं त्याच्या छातीला कान लावला तेव्हा आत काही नव्हतं.

डॉक्टर आला, फाटकातच रबरी बूट चढवून आत गेला, बाहेर आला.

"वासरांचं हृदयच जातं यात," तो म्हणाला. "मोठ्या उठतील, पण दूध पूर्वीसारखं नाही येणार. बाहेरून कोण आलं?"

"भाऊ गेला होता बाजारात. कालवड घेऊन."

"मग तिला आधी झालं असेल."

अक्कानं घरामागे नजर टाकली.

"तिला काही नाही," भाऊ भिंतीमागून म्हणाला. तो पट्ट्याबाहेर उभा होता, हाताची घडी घालून.

"काहीच नाही? अकरा दिवस?" डॉक्टरनं पिशवी बंद केली. "मग जिला झालाच नाही तिनं दिला कसा?"

*

तो गेल्यावर अक्का हात कोपरापर्यंत धुऊन घरामागे गेली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. कालवड बसून रवंथ करत होती. तिनं तिचा ओठ उलटला. हिरडी गुलाबी, ओली, कोरी. जीभ कोरी. चारही खुरांच्या बेचक्यांत बोट घातलं, थंड. तिच्यापुढे फक्त गवत होतं. कालवडीला पेंड नसते, ती दुभत्यांची.

अक्का तिथंच दगडावर बसली. पेंड तांबडीला सगळ्यात जास्त, कारण दूध तिचं जास्त. मग बांडी, मग मोरी. उरलेल्या तिघी आटत आलेल्या, त्यांना मूठ-मूठ. आजार त्याच क्रमानं आला होता. जणू तिनंच मापून वाढला होता.

ती गोठ्यात गेली. दाराच्या आत एक खिळा होता, त्यावर ती कापलेले दोरे अडकवत असे. दोराही ती फेकत नसे. वरचे सहा दोरे तिनं काढले. तीन शनिवारचे, तीन बुधवारचे. बुधवारचे पिवळे आणि लाल. शनिवारच्या तिघांपैकी दोन हिरवे.

हिरवा दोरा वरच्या वस्तीवरच्या गवळ्याचा. त्याच्या गोठ्यात तीन आठवड्यांपूर्वी लाळ्या येऊन गेली होती. त्याची चार वासरं गेली होती. त्यानं पेंड घेणं बंद केलं होतं, गोठा बंद केला होता, आणि घरात साठलेली रिकामी पोती दुकानात परत दिली होती. ज्या पोत्यांवर त्याच्या गाई लाळ गाळत होत्या. ज्यांनी त्यानं त्यांची तोंडं पुसली असतील.

तिनं माणसांचे पाय धुतले होते. पोतीवाल्याचे, भावाचे, स्वतःचे दिवसातून दहा वेळा. आणि पोतं त्या पायांच्या वर, खांद्यावर बसून आत आलं होतं. तिनं ते स्वतः उलटं केलं होतं. चारही कोपरे टोकरले होते. वाळलेल्या पेंडीच्या खपल्या म्हणून जे नखानं काढलं ते काय होतं, ते आता तिला कळत होतं.

आणि बुधवारी तीच पोती, निळा दोरा बांधून, तिनं परत दिली होती.

*

शनिवारी टेम्पो आळीच्या तोंडाशी भोंगा वाजवत आला. घराघरातून बायका घड्या घातलेली पोती घेऊन बाहेर येऊ लागल्या. अक्काच्या पट्ट्याशी तो थांबला. पोतीवाला उतरून सवयीनं चप्पल काढू लागला.

"राहू दे," अक्का म्हणाली. "आत यायचं नाही. वरच्या वस्तीची हिरव्या दोऱ्याची पोती कधी उचललीस?"

"कोण, गवळ्याची? झाले पंधरा दिवस. का हो?"

"त्याच्या गोठ्यात रोग होता. ठाऊक होतं ना?"

"मला शेठ सांगतो तिथून मी उचलतो, ताई. चाळीस पोती होती. चाळीस पोती काय फेकून द्यायची?"

"धुतली का?"

पोतीवाला हसला. "पोती कोण धुतं?"

 त्याला मारावं असं तिला वाटलं, आणि मारून काही होणार नाही हेही कळत होतं. तो जे बोलला तेच तिनं आठवडाभरापूर्वी म्हटलं असतं.

"बुधवारी माझ्याकडून तीन नेलीस. निळी. ती कुठं आहेत?"

"भरून गेली असतील. शेठचा माल दुसऱ्या दिवशी राहत नाही."

"कुठं गेली?"

पोतीवाल्यानं डोकं खाजवलं. मग त्याची नजर समोर गेली. "एक तर या काकूंकडेच टाकलं परवा, मधल्या फेरीत, त्यांची पेंड संपली होती म्हणून."

काकू ओट्यावर होती, बगलेत दोन घड्या घातलेली पोती.

"माझ्याकडे काय?" ती म्हणाली.

"ताई," पोतीवाला एकदम जवळ सरकला, आवाज उतरवला, "हळू बोला. तुमच्याकडे रोग आहे हे एकदा आळीबाहेर गेलं की केंद्रावाला दूध घेणार नाही. तुमचंच नाही, सगळ्या आळीचं. शेठ पेंड देणार नाही. लोक तुमच्याशी बोलणार नाहीत. गुपचूप तुरटी लावा, आठ दिवसांत उठतात गाई. सगळे असंच करतात."

"माहीत आहे सगळे काय करतात."

तिनं पट्ट्याच्या आतून, दोन्ही हात फाटकावर ठेवून, आळीकडे तोंड केलं. तिला ओरडायची सवय होती, पण आजवर ती दुसऱ्याच्या चुकीवर ओरडत आली होती. आवाज पहिल्यांदा नीट लागला नाही.

"माझ्या गोठ्यात लाळ्या आहे!" ती म्हणाली. मग मोठ्यानं, "सहाच्या सहा गाई! बांडीचं वासरू काल गेलं! रोग पोत्यातून येतोय. गवळ्याची पोती धुतल्याशिवाय भरून सगळ्यांना दिलीत यांनी. कुणी रिकामं देऊ नका, कुणी भरलेलं घेऊ नका. काकू, तुमच्याकडचं निळ्या दोऱ्याचं पोतं माझं आहे. उघडलंय का?"

काकूच्या बगलेतली पोती खाली पडली. ती वळली आणि आपल्या गोठ्याकडे धावली, पदर ओढत, एवढ्या जाड शरीरानं.

 एका बाईनं टेम्पोत टाकलेलं आपलं पोतं पुन्हा ओढून काढलं आणि ते हातात धरावं की टाकावं ते न कळून लांब धरून उभी राहिली. पोतीवाला शिव्या देत फळकं वर करू लागला. "बदनामी केलीत शेठची. बघाच आता. दूध गटारात ओताल."

"ओतेन," अक्का म्हणाली.

तेवढ्यात कुणीतरी मागून विचारलं, "पण मग बाजारातून तुमच्या भावानं आणला, असं म्हणत होतात ना?"

अक्काला भाऊ दिसला. तो टेम्पोच्या पलीकडे रस्त्यात उभा होता. पट्ट्याबाहेर, जिथं तिनंच त्याला ठेवलं होतं. दाढी वाढली होती. तो तिच्याकडे बघत होता, मदतीला आल्यासारखा नव्हे. हिशेब घ्यायला आल्यासारखा.

"माझ्या भावानं नाही आणला," ती म्हणाली. शब्द जड, एकेक उचलून ठेवल्यासारखे आले. "त्यानं कालवड बाजारात शिरूसुद्धा दिली नव्हती. तो खरं बोलत होता. मी ऐकलं नाही. रोग मी आणला. माझ्या हातानं गव्हाणीत झटकला. आणि पुढेही मीच पाठवला."

 टेम्पो सुरू झाला, मागे जाऊ लागला.

समोरच्या दारातून काकू बाहेर आली. अर्धं भरलेलं पोतं ती दोन्ही हातांनी फरफटत होती, तोंड लाल झालं होतं, आणि ती अक्काच्या नावानं, तिच्या चुन्याच्या, तिच्या सोड्याच्या नावानं खडे फोडत होती. "कालपासून घालतेय मी हे! तीन वेळा घातलंय! माझी एकच गाय आहे गं, एकच!"

भाऊ टेम्पोला वळसा घालून फाटकापाशी आला. पट्टा त्यानं ओलांडला नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता जे सांगितलंस ते. पहिल्यापासून." त्यानं मान काकूकडे वळवली. "त्या आत होत्या. त्यांनी ऐकलं नाही."

अक्कानं फाटक घट्ट धरलं आणि पुन्हा सांगितलं.